उचलणारं कुणीतरी आहे, म्हणून

लेखमाला : रस्ता सगळ्यांचा – लेखांक सहावा

घाटकोपरला संध्याकाळच्या गर्दीत लोकलमधून उतरून मेट्रोकडे जाणाऱ्या पुलावर थोडा वेळ थांबून पाहा. रेल्वेच्या फलाटावर शेंगदाणे संपले की कागदाची पुडी रुळांकडे भिरकावली जाते. खांबांच्या तळाशी पिचकाऱ्यांचे थरावर थर चढलेले असतात. पूल ओलांडून मेट्रोच्या दाराशी पोचलेला तोच प्रवासी रिकामी बाटली बॅगेत कोंबतो. तोंडात मावा असेल तर आत शिरण्याआधीच थुंकून घेतो. माणूस तोच, शिक्षण तेच, घरी जायची घाईही तीच. नव्याचे नऊ दिवस म्हणावं, तर मुंबईची ही पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. नवलाई कधीच ओसरली, फरक मात्र बराचसा टिकून आहे.

मागच्या लेखांकात आपण दंडाचा हिशेब मांडला होता. मुंबई महापालिकेने २००६ च्या स्वच्छता उपविधींमध्ये थुंकण्याला दोनशे रुपये दंड ठेवला, पुढे क्लीन-अप मार्शल नेमले, आणि तरीही शहर फारसं बदललं नाही, हे त्यात पाहिलं. पकडलं जाण्याची शक्यता नगण्य असेल तर दंडाची रक्कम कितीही वाढवा, हात थांबत नाही. मग मेट्रोत तो का थांबतो?

याचं एक उत्तर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सापडतं. एका वाहनतळावर उभ्या गाड्यांच्या काचेवर त्यांनी जाहिरातीचे कागद खोचले. कधी वाहनतळ झाडून लख्ख ठेवला, कधी तिथे मुद्दाम कचरा पसरला. गाडीचा मालक येतो, काचेवरचा कागद काढतो आणि त्याचं काय करतो, एवढंच पाहायचं होतं. स्वच्छ जागेत १४ टक्के लोकांनी तो खाली टाकला, कचऱ्याच्या जागेत ३२ टक्क्यांनी. इथवर कुणालाही अंदाज बांधता आला असता. प्रयोगाचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. संशोधकांनी आपलाच एक माणूस पाठवला आणि गाडीमालकाच्या डोळ्यांदेखत कागद टाकायला लावला. कचऱ्याच्या जागेत ते पाहून प्रमाण ५४ टक्क्यांवर गेलं. स्वच्छ जागेत मात्र ते घटून ६ टक्क्यांवर आलं. लख्ख फरशीवर एकाने टाकलेला कागद डोळ्यांत खुपतो, आणि ‘इथे असं करत नाहीत’ याची आठवण बघणाऱ्याला होते. उकिरड्यावर तोच कागद ‘इथे चालतं’ असं सांगतो.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात केलेला आणि २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच्या एक पाऊल पुढे गेला. सायकली लावायच्या गल्लीत भिंत कोरी असताना ३३ टक्के लोकांनी हँडलला अडकवलेला कागद तिथेच टाकला. भिंत रंगाने बरबटवल्यावर हे प्रमाण ६९ टक्के झालं. भिंतीवरच्या रंगाचा आणि हातातल्या कागदाचा तसा काही संबंध नाही. पण एक नियम मोडलेला दिसला की दुसराही सैल होतो.

मेट्रोचं कोडं यातून बरंचसं सुटतं. रेल्वेचा फलाट मुळात घाण का झाला, हे मात्र यातून कळत नाही. त्यासाठी आपल्याच घरात डोकावायला हवं.

आपल्या आजी-आजोबांच्या काळात गावातला माणूस कचरा टाकायचा तेव्हा त्यात काही बिघडत नव्हतं. शेण, राख, पाचोळा, भाजीची देठं असं सगळं घरामागच्या उकिरड्यात जायचं आणि पावसाळ्यापूर्वी गाडीने शेतात पडायचं. जत्रेतला द्रोण, लग्नाची पत्रावळ, चालता चालता फेकलेली केळीची साल, यातलं काही गुरं खायची आणि उरलेलं माती व्हायचं. फेकण्याची ही सवय त्या वस्तूंना शोभणारी होती. १९८० च्या दशकात शाम्पू, सुपारी, मसाले, सगळं छोट्या पुड्यांत आलं. वस्तू पार बदलली, हाताची सवय तीच राहिली. वेफर्सच्या पुडीत प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्या पुडीला हात लावत नाही. टपरीवरच्या ‘कागदी’ कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. सिगारेटच्या थोटकातला कापसासारखा दिसणारा फिल्टर हेही प्लास्टिकच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तेवढ्या पावसापुढे कुठलंही शहर हतबल झालं असतं, पण तुंबलेल्या नाल्यांमधून ज्या पिशव्या निघाल्या त्या आपल्याच हातातून सुटलेल्या होत्या. त्यानंतर पिशव्यांवर बंदी आली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ती आणखी कडक केली, पहिल्याच गुन्ह्याला पाच हजारांचा दंड ठेवला. पिशव्या काही महिने गायब झाल्या आणि भाजीवाल्याच्या गोणपाटाखालून पुन्हा बाहेर आल्या.

तरी वस्तू बदलली एवढंच कारण नाही. आपली स्वच्छतेची कल्पनाच उंबरठ्याशी थांबते. घर झाडायचं, अंगणात सडा घालायचा, रांगोळी काढायची आणि केर अंगणाच्या कडेने रस्त्यावर लोटायचा. तिथून पुढे तो कुणाचा? शतकानुशतकं याचं उत्तर ठरलेलं होतं : गावकुसाबाहेरच्यांचा. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणून पुजतो. शिंदीच्या पानांची ती केरसुणी बांधणारे बहुतेक मातंग समाजातले. तिची पूजा करणाऱ्या समाजाने ती बांधणारा आणि रस्त्यावर ती चालवणारा, दोघांनाही दूर ठेवलं. आजही कुठल्याही महापालिकेच्या आरोग्य कोठीवर सकाळच्या हजेरीला उभं राहून पाहा. हातात झाडू घेतलेली बहुसंख्य माणसं त्याच समाजांतली आहेत. शिकलेला, गाडीतून फिरणारा माणूस काच खाली करून बाटली फेकतो तेव्हा त्याला जात आठवत नसेल. ती कुणीतरी उचलणार ही खात्री मात्र त्याला असते, आणि ती खात्री जातीनेच दिली आहे. ‘झाडायला माणसं ठेवली आहेत ना?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. सार्वजनिक अस्वच्छतेची चर्चा आपण बेशिस्तीपाशी थांबवतो, जातीपर्यंत नेत नाही. म्हणून तिचं मूळ हाती लागत नाही, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या इमारतींच्या जिन्यांत याचा पुरावा भिंतीवरच लावलेला असतो. वळणाच्या कोपऱ्यात लोक थुंकतात म्हणून तिथे देवादिकांच्या चित्रांच्या फरशा बसवतात. गणपती, साईबाबा, शेजारी क्रूस, शेजारी मक्केचं चित्र. उपाय लागू पडतो. फरशा असतात तिथे डाग दिसत नाही. दोन पायऱ्या खाली, जिथे फरशा संपतात, तिथे भिंत लाल असते. देवाचा मान राखला जातो, आणि खाली बसून ब्रशने तो डाग खरवडणाऱ्या बाईचा विचार कुणाच्या मनात येत नाही.

हे ज्याने फार आधी ओळखलं आणि स्वतःच्या हातांनी त्यावर उत्तर दिलं, तो माणूस आपल्याच मातीतला. अमरावती जिल्ह्यात १८७६ साली परीट कुटुंबात जन्मलेले गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू उचलत, रस्ते आणि गटारं साफ करत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. ज्याच्या पाया पडायला गाव जमायचं, तोच गावाचा केर काढताना दिसायचा. ‘झाडणं हे खालच्यांचं काम’ ही समजूत भाषणाने जितकी हलली नसती तितकी त्या दृश्याने हलली. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना गाडगेबाबांच्या नावाने ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं. गावागावांत सरपंच, शिक्षक, बचत गटातल्या बाया हातात झाडू घेऊन रस्त्यावर उतरल्या. स्पर्धा संपल्यावर बरीच गावं पूर्वपदावर गेली, हे खरं आहे. पण ज्या गावांत माणसं सलग काही वर्षं स्वतः झाडत राहिली, तिथे टाकणाऱ्याचा हात आखडला. स्वतः झाडलेल्या रस्त्यावर पुडी टाकणं जड जातं.

शहरात प्रत्येकाने झाडू घ्यावा, ही अपेक्षा व्यवहारात उतरणार नाही. तिथे दुसरा मार्ग पुण्याच्या कचरावेचक बायकांनी दाखवला. पूर्वी या बाया कंटेनरमध्ये उतरून कागद, काच, पत्रा वेचत. कुत्री चावत, पोलीस हटकत, लोक चोर समजत. १९९३ मध्ये त्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली, ओळखपत्रं मिळवली. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार होऊन दारोदार कचरा गोळा करण्याचं काम तिच्याकडे आलं. आज तिचे तीन हजारांहून जास्त सभासद आहेत आणि त्यांतल्या बहुतेक बाया दलित समाजातल्या आहेत. घराघरातून मिळणारी महिन्याची फी आणि सुका माल विकून येणारे पैसे, यावर त्यांचा संसार चालतो.

दारात बादली घेणारी बाई रोज तीच असली की काय होतं, ते सोसायटीच्या फाटकापाशी ढकलगाडीजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ती पिशवी उलटी करते. पोळीचे तुकडे ओल्यात, दुधाच्या पिशव्या एका बाजूला, पुठ्ठे दुसरीकडे. दुधाच्या पिशवीचा कात्रीने उडवलेला कोपरा इतका लहान असतो की तो वेचता येत नाही. तो भाजीच्या देठांत जातो आणि खतात मिसळतो. वर्तमानपत्रात न गुंडाळता टाकलेलं सॅनिटरी पॅड तिला हातानेच वेगळं करावं लागतं. दाढीचं ब्लेड दिसत नाही, ते बोटाला लागल्यावरच समजतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली गृहिणी दुसऱ्या दिवशी कचरा वेगळा करून देते, कारण आता तो कचरा ‘जात’ नसतो, एका ओळखीच्या बाईच्या हातात पडत असतो. पॅडची पुडी ओळखू यावी म्हणून तिच्यावर लाल ठिपका काढा, ही मोहीम याच बायकांनी चालवली. सगळ्या घरांनी ती पाळली नाही. ज्या घरांनी पाळली, त्यांच्या वागण्यात आलेला बदल दंडाच्या पावतीने आला नसता.

या व्यवस्थेत उणिवा आहेत. कुठे फी थकते, कुठे रविवारी कोपऱ्यावर ढीग पडतो. शहराने न जिरवलेला कचरा शेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसला, तिथल्या विहिरी खराब झाल्या, गावकऱ्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. गावाबाहेर लोटायची जुनी रीत इथे शहराने गावावर चालवली. घंटागाडी आली की पिशवी त्यात भिरकावून दार लावणाऱ्यालाही हा प्रवास दिसत नाही. म्हणूनच मी कचरापेट्या वाढवण्यापेक्षा कचरा उचलणाऱ्या माणसाशी ओळख वाढवण्याला अधिक महत्त्व देते. जागा स्वच्छ ठेवणं हा पहिला भाग, त्यासाठी पालिकेने दिवसातून दोनदा झाडलं पाहिजे, तिथे कुचराई नको. पण ती झाडणारा माणूस अदृश्य राहिला तर जागा संध्याकाळपर्यंत पुन्हा भरते.

पुढच्या आठवड्यात गडकिल्ले आणि समुद्रकिनाऱ्यांकडे वळू. तोवर एक विनंती. तुमच्याकडचा कचरा जी व्यक्ती नेते, तिचं नाव विचारा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पिशवीलाच लटकता ठेवा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून त्यावर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहा, पॅडच्या पुडीवर लाल ठिपका काढा, आणि या पुड्या दाराबाहेर न ठेवता सांगून तिच्या हातात द्या.