स्पीच थेरपी किती दिवस चालली, यापेक्षा फरक काय पडला?

मूल वेळेवर बोलत नाही, बोलताना अडखळते किंवा पक्षाघातानंतर घरातल्या कर्त्या माणसाची वाचा जाते, तेव्हा कुटुंब स्पीच थेरपीकडे वळते. सेशनची फी, येण्याजाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी हा हिशोब घरच्यांना तोंडपाठ असतो. पण सहा महिन्यांनी फरक किती पडला असे विचारले, तर बहुतेकदा "पहिल्यापेक्षा बरं आहे" एवढेच उत्तर मिळते. पुष्कळ ठिकाणी हजेरी लिहिली जाते, फरक लिहिला जात नाही. या सेवेत सुधारणा व्हायची असेल तर तिची सुरुवात या नोंदीपासून व्हावी, असे आम्हाला वाटते.

फरक मोजता येतो. ब्रिटनमध्ये पॅम एन्डर्बी यांनी विकसित केलेल्या मापनपद्धतीत रुग्णाकडे चार बाजूंनी पाहतात: मूळ दोष किती आहे, रोजचा संवाद किती जमतो, घरात-समाजात वावर किती आहे आणि मनाची अवस्था कशी आहे. प्रत्येक बाजूला 0 ते 5 गुण, मध्ये अर्धा गुणही देता येतो. 0 म्हणजे सर्वांत गंभीर स्थिती. समजा, पक्षाघात झालेल्या एका दुकानदाराला शब्द आठवण्याची अडचण तेवढीच राहिली, पण खुणा, चित्रे आणि मोजके शब्द वापरून तो पुन्हा गल्ल्यावर बसू लागला. फक्त दोष मोजला तर थेरपी वाया गेली असे दिसेल. वावर मोजला तर तिचे मोल कळेल.

आता पुराव्याकडे वळू. लहान मुलांच्या तोतरेपणासाठी ऑस्ट्रेलियात लिडकम नावाची पद्धत विकसित झाली. तीत पालक घरीच मुलाच्या न अडखळता केलेल्या बोलण्याचे कौतुक करतात आणि अडखळण्याला रोज गुण देतात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडमधील अभ्यासात 3 ते 6 वर्षांची 54 मुले चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागली होती. नऊ महिन्यांनी ही पद्धत मिळालेली मुले 100 अक्षरांमागे सरासरी 1.5 वेळा अडखळत होती, न मिळालेली 3.9 वेळा. गंमत म्हणजे दुसऱ्या गटातली मुलेही आधीपेक्षा सुधारली होती, कारण या वयात काहींचे अडखळणे आपोआप कमी होते. तुलना केली नसती तर सगळे श्रेय उपचारालाच गेले असते. म्हणूनच "आमच्याकडे आलेली मुले बरी होतात" हा पुरावा नव्हे.

उलट उदाहरणही आहे. बोबडे बोलणाऱ्या मुलांकडून मेणबत्ती फुंकून घेणे, शिट्टी वाजवून घेणे, जीभ हलवून घेणे असे व्यायाम अनेक ठिकाणी करून घेतले जातात. त्याने उच्चार सुधारतात याला भक्कम आधार मिळालेला नाही. उच्चार सुधारायचा तर तो उच्चारच घटवून घ्यावा लागतो. मेणबत्ती फुंकण्यात गरीब घरच्या मुलाचे वर्ष जात असेल, तर ते कोण परत देणार?

आणखी एक गोष्ट आपल्या वस्त्यांसाठी महत्त्वाची आहे. मोजपट्टी कोणत्या बोलीची? वऱ्हाडातले मूल डोळ्याला 'डोया' म्हणते, 'पाणी'ला 'पानी' म्हणणारी घरे तर राज्यभर आहेत. हा वाचादोष नाही, ती त्याच्या घरची बोली आहे. पुस्तकी मराठीच्या चाचणीत असे मूल विनाकारण नापास होते आणि बोली 'दुरुस्त' झाली की तीच प्रगती म्हणून लिहिली जाते. चाचणी घेण्यापूर्वी घरी कसे बोलतात हे विचारलेच पाहिजे.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे. ऐकण्याच्या आणि भाषेच्या अडचणीही त्यात पाहतात, आणि पुढील उपचारासाठी मुलांना जिल्हा केंद्रात पाठवतात. किती मुले तपासली हा आकडा गरजेचा आहेच, पण त्यातली किती पुढे बोलू लागली हेही कार्यकर्त्यांनी विचारावे.

पालकांनी पहिल्याच भेटीत आजची स्थिती लिहून मागावी. तीन महिन्यांत काय साधायचे, तेही साध्या शब्दांत ठरवून घ्यावे: 'भाषा सुधारणे' नको, 'तहान लागली की पाणी मागणे' असे. तीन महिन्यांनी त्याच मापाने पुन्हा मोजावे. काहीच हलले नसेल तर पद्धत बदलायला सांगावे आणि नोंदीची एक प्रत घरी ठेवावी, म्हणजे गाव किंवा थेरपिस्ट बदलला तरी मुलाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.