‘आइझ’चा ग्रीक प्रवास आणि मराठीचे ‘करण’

रत्नागिरी : मुंबई-गोवा महामार्गाने रत्नागिरी जिल्ह्यातून जाणाऱ्या प्रवाशाला दोन शब्द वारंवार भेटतात. टायर दुरुस्तीच्या टपऱ्यांवर रंगवलेला ‘व्हल्कनायझिंग’ हा पहिला आणि महामार्गाविषयीच्या जवळपास प्रत्येक बातमीत, फलकावर व निवेदनात आढळणारा ‘चौपदरीकरण’ हा दुसरा. एक इंग्रजी, दुसरा मराठी. दोन्ही घडवण्याची युक्ती मात्र एकच आहे. एखादे नाम किंवा विशेषण घ्यायचे, त्याला ठरावीक प्रत्यय जोडायचा आणि ‘तसे करणे’ हा अर्थ मिळवायचा. इंग्रजीत हे काम ‘आइझ’ हा प्रत्यय करतो, मराठीत ‘करण’. इंग्रजी प्रत्यय ओळखता आला, तर विद्यार्थ्याला शेकडो शब्दांची किल्ली हाती लागते. मराठी प्रत्ययाची ओळख झाली, तर सरकारी मराठी वाचताना नेमके कोणते प्रश्न विचारावेत, हे कळू लागते.

अथेन्स ते लंडन

‘आइझ’चे मूळ ग्रीक भाषेत आहे. तेथे ‘इझेइन’ या शेवटाने क्रियापदे तयार होत. ‘हेलेनिझेइन’ म्हणजे ग्रीक भाषा बोलणे वा ग्रीकांसारखे वागणे, तर ‘बाप्तिझेइन’ म्हणजे पाण्यात बुडवणे. ख्रिस्ती धर्माचे आरंभीचे लेखन ग्रीक भाषेत झाले. ते लॅटिनमध्ये उतरवताना धर्माचारातील अशी क्रियापदे जवळजवळ जशीच्या तशी उचलली गेली आणि लॅटिनला ‘इझारे’ हा शेवट मिळाला. लॅटिनमधून तो फ्रेंचमध्ये व फ्रेंचमधून इंग्रजीत पोहोचला. इंग्रजीतील ‘बॅप्टाइझ’ हे या मार्गाने आलेल्या सर्वांत जुन्या क्रियापदांपैकी एक. मराठीतील ‘बाप्तिस्मा’ हा शब्दही याच ग्रीक कुळातील आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज लेखकांना या प्रत्ययाची चटक लागली, तेव्हा भाषेची शुद्धता जपणाऱ्यांनी नाके मुरडली. थॉमस नॅश या लेखकावर तर अशी क्रियापदे घाऊक प्रमाणात घडवल्याची टीका झाली. आपल्या एका पुस्तकाच्या १५९४ च्या आवृत्तीत त्याने तिला उत्तर दिले. त्याचा आशय असा, की इंग्रजीत एकाक्षरी शब्दांची चिल्लर फार झाली आहे. ती मोडून मोठी नाणी घेतली, तर त्यात वावगे काय? नॅशची बरीचशी नाणी पुढे बाजारात चालली नाहीत. टांकसाळ मात्र बंद पडली नाही.

कोणत्याही शब्दाला चालणारा प्रत्यय

प्रत्यय ग्रीक असला, तरी तो ग्रीक शब्दांनाच जोडावा, असे बंधन इंग्रजीने पाळले नाही. ‘लीगलाइझ’ म्हणजे कायदेशीर करणे आणि ‘मॉडर्नाइझ’ म्हणजे आधुनिक करणे. या दोन्हींची मूळ पदे लॅटिन वळणाची आहेत. ‘हॉस्पिटलाइझ’मध्ये अर्थ थोडा सरकतो. रुग्णाचे रुग्णालय करायचे नसते, त्याला रुग्णालयात दाखल करायचे असते. ‘क्रिस्टलाइझ’मध्ये पदार्थ आपोआप स्फटिकरूप होऊ शकतो, तर ‘अपॉलॉजाइझ’ म्हणजे क्षमा मागणे. ‘तसे करणे’, ‘तसे होणे’, ‘तेथे ठेवणे’ आणि ‘तसे वागणे’ असे चार अर्थ एकच प्रत्यय देतो. कोणता घ्यायचा, हे मूळ शब्द व वाक्य पाहून ठरवावे लागते.

माणसांची आणि देवांची नावेही यातून सुटली नाहीत. दूध ठरावीक तापमानापर्यंत तापवून त्यातील घातक जंतू मारण्याच्या क्रियेला फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्या नावावरून ‘पाश्चराइझ’ हे क्रियापद मिळाले. कोकणातील पावसात टिकावेत म्हणून घरावर घातले जाणारे गॅल्व्हनाइझ्ड पत्रे इटालियन शास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी यांचे नाव मिरवतात. गॅल्व्हानी यांचे प्रयोग बेडकाच्या पायांवर आणि विजेवर होते. आज बहुतेक पत्रे वितळलेल्या जस्तात बुडवून तयार होतात, तेथे विजेचा संबंध उरलेला नाही. नाव मात्र कायम आहे.

टायरच्या टपरीवरील ‘व्हल्कनायझिंग’चा मान रोमन अग्निदेवतेचा. रबरात गंधक मिसळून ते तापवले, की ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना या प्रक्रियेचे पेटंट १८४४ मध्ये मिळाले. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक याच शोधावर काम करीत होते. आग आणि गंधक यांचा संबंध ध्यानी घेऊन त्यांच्या एका मित्राने व्हल्कन देवाचे नाव सुचवले. रोमन देव, ग्रीक प्रत्यय, इंग्रजी क्रियापद आणि देवनागरी पाटी असा हा प्रवास आहे.

‘एस’ की ‘झेड’?

इंग्रजी लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण स्पेलिंगची असते. ‘ऑर्गनाइझ’, ‘रिअलाइझ’ हे शब्द ‘एस’ने लिहावेत की ‘झेड’ने? ‘झेड’ अमेरिकी आणि ‘एस’ ब्रिटिश, असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेत ‘झेड’ रूढ आहे. पण खुद्द ब्रिटनमधील ऑक्सफर्ड शब्दकोशही ‘झेड’लाच प्राधान्य देतो. त्याचे संपादक जेम्स मरे यांचा युक्तिवाद सरळ होता. मूळ ग्रीक प्रत्ययात ‘झेड’चे अक्षर आहे, उच्चारही तोच आहे, मग फ्रेंचांच्या वळणाने ‘एस’ का लिहावा? ब्रिटनमधील बहुतेक वृत्तपत्रांनी मात्र ‘एस’ स्वीकारला आणि भारतातही तोच अधिक दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या इंग्रजी नावात ‘झेड’ आहे, तर ‘इस्रो’च्या पूर्ण इंग्रजी नावातील ‘ऑर्गनायझेशन’ ‘एस’ने लिहिले जाते. दोन्ही रूपे शुद्ध आहेत. एका लेखनात दोहोंची सरमिसळ करू नये, एवढेच पथ्य.

खरी चूक निराळ्या ठिकाणी होते. काही शब्दांचा शेवट कानाला तसाच लागतो, परंतु तेथे हा ग्रीक प्रत्यय नसतोच. ‘अ‍ॅडव्हाइझ’, ‘सुपरवाइझ’, ‘रिव्हाइझ’, ‘सरप्राइझ’, ‘एक्सरसाइझ’, ‘कॉम्प्रोमाइझ’, ‘अ‍ॅडव्हर्टाइझ’ या शब्दांत शेवटचा भाग लॅटिन-फ्रेंच मूळ शब्दातूनच आलेला आहे. म्हणून ते ‘एस’नेच लिहावे लागतात, अमेरिकेतही. पडताळ्याची सोपी रीत अशी, की शेवट काढून टाकल्यावर अर्थपूर्ण शब्द उरतो का, ते पाहावे. ‘मॉडर्नाइझ’मधून ‘मॉडर्न’ उरतो. ‘सुपरवाइझ’मधून काहीच उरत नाही. ही रीत सर्वत्र लागू पडत नाही, तरी पुष्कळ चुका टाळते. ‘अ‍ॅनलाइझ’ हा आणखी एक अपवाद. तो ‘सोडवणे’ या अर्थाच्या वेगळ्या ग्रीक शब्दावरून आला असून ब्रिटनमध्ये ‘एस’ने व अमेरिकेत ‘झेड’ने लिहिला जातो.

मराठीची टांकसाळ

इंग्रजीच्या ‘आइझ’ला मराठीने जो प्रतिशब्द दिला, तो संस्कृतकडून घेतला. जे आधी तसे नव्हते ते तसे होणे किंवा करणे, हा अर्थ दाखवण्यासाठी पाणिनीने ‘च्वि’ प्रत्यय सांगितला आहे. त्याच्या योगाने शब्दाच्या शेवटच्या ‘अ’चा दीर्घ ‘ई’ होतो आणि पुढे ‘कृ’ धातूची रूपे येतात. शुद्ध नव्हते ते शुद्ध करणे म्हणजे ‘शुद्धीकरण’. ‘शुद्धिकरण’, ‘सुशोभिकरण’ असे ऱ्हस्व लेखन पाट्यांवर सर्रास दिसते. या नियमाने ते चुकीचे ठरते. ‘एस’ आणि ‘झेड’चा गोंधळ मराठीत असा ऱ्हस्व-दीर्घाच्या रूपाने भेटतो.

इंग्रजीप्रमाणेच मराठीनेही पुढे मूळ बंधन सैल केले. राष्ट्रीयीकरण, आधुनिकीकरण, संगणकीकरण हे संस्कृत पदांवर उभे राहिले. पण ‘खासगीकरण’, ‘डांबरीकरण’, ‘काँक्रिटीकरण’ यांत अरबी-फारसी, देशी व इंग्रजी शब्दांनाही तेच शेपूट लागले. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर उदारीकरण, खासगीकरण व जागतिकीकरण हे त्रिकूट वृत्तपत्रांच्या रोजच्या भाषेत स्थिरावले.

भाषेने परके काय घ्यावे, हा वाद रत्नागिरीला नवा नाही. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात येथे स्थानबद्ध होते. याच काळात त्यांनी भाषाशुद्धीची चळवळ हिरिरीने पुढे नेली. ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘बोलपट’, ‘महापौर’ हे शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. आरंभी फारसी शब्दांची आवड असलेले कवी माधव जूलियन पुढे या विचाराकडे वळले आणि १९३८ मध्ये त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहिला. यांपैकी पुष्कळ शब्द लोकांनी आपलेसे केले, काही बाजूला ठेवले. निवाडा शेवटी वापरणाऱ्यांनीच केला. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हाही हेच दिसले. ‘डीमॉनेटाइझ’ या इंग्रजी क्रियापदासाठी ‘विमुद्रीकरण’ व ‘निश्चलनीकरण’ असे दोन शब्द पुढे आले. रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने मात्र ‘नोटाबंदी’ म्हटले आणि तोच शब्द टिकला.

कर्ता कोठे गेला?

‘आइझ’ आणि ‘करण’ यांत एक मूलभूत फरक आहे. इंग्रजी प्रत्ययातून आधी क्रियापद तयार होते आणि नाम त्यानंतर. संस्कृतातही ‘शुद्धीकरोति’ असे क्रियापद आहे. मराठीने मात्र नाम तेवढे घेतले. त्यामुळे क्रिया सांगायची झाली, की ‘चौपदरीकरण करणे’ असे एकाच कृतीला दोनदा ‘करावे’ लागते. ‘व्हल्कनाइझ करणे’, ‘ऑर्गनाइझ करणे’ यांचीही तीच गत. ‘करणे’ हा अर्थ त्या इंग्रजी शब्दांत आधीच आहे.

मराठीची स्वतःची सोय याहून सुटसुटीत आहे. स्थिर वरून स्थिरावणे, मंद वरून मंदावणे, उंच वरून उंचावणे अशी क्रियापदे बोलीतून सहज आली. ‘रस्ता रुंदावला’ म्हटले, की फळ दिसते. ‘विभागाने रस्ता रुंद केला’ म्हटले, की करणारा दिसतो. ‘रस्त्याचे रुंदीकरण सुरू आहे’ या वाक्यात मात्र ना करणारा दिसतो, ना काम कधी संपेल ते.

फरक केवळ व्याकरणाचा नाही. ‘बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले’ हे वाक्य घटना सांगते. ‘केंद्र सरकारने १९ जुलै १९६९ रोजी १४ बँका ताब्यात घेतल्या’ हे वाक्य ती कोणी, कधी व किती प्रमाणात घडवली, तेही सांगते. कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गाच्या ‘विद्युतीकरणा’ला मार्च २०२२ मध्ये पूर्णविराम मिळाला, त्या नामाला तारीख लाभली. महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि ‘चौपदरीकरण’ हा शब्द त्यानंतर दशकाहून अधिक काळ कोकणवासीयांच्या कानी पडत राहिला. या शब्दातला ‘चौपदरी’ हा भाग वचन देतो आणि ‘करण’ हा भाग ते वचन वर्तमानातच लांबवत ठेवतो.

म्हणून विद्यार्थ्याने ‘आइझ’ दिसताच मूळ शब्द शोधावा, तसा नागरिकाने ‘करण’ दिसताच त्यातील क्रियापद शोधावे. ते वाक्य पुन्हा मांडून पाहावे : रस्ता चौपदरी कोण करणार, कोठून कोठपर्यंत आणि कोणत्या तारखेपर्यंत? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे निवेदनात असतील, तर ‘करण’ शब्दाबद्दल तक्रारीचे कारण नाही. नसतील, तर ती मागावीत.