मातीचा घोडा आणि अंगणांतील किल्ला

दिवाळीच्या सुटींत मुलें अंगणांत किल्ला करतात, ही गोष्ट आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे कीं, तिच्याकडे विचारपूर्वक पाहावें असें फारसें कोणास वाटत नाहीं. चार दगड, थोड्या विटा, एखादें जुनें तरट आणि घमेलेंभर चिखल एवढ्या भांडवलावर उभा राहिलेला हा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला तर टिकतो, आणि पुढें एके दिवशीं अंगण झाडतांना नाहींसा होतो. परंतु ज्यांनीं आयुष्याचीं पुष्कळ वर्षें मुलांना शिकविण्यांत घालविलीं, त्या आमच्यासारख्यांच्या दृष्टीनें हा चिखलाचा खेळ वर्गांतील कित्येक तासांहून अधिक मोलाचा आहे. त्यांतही किल्ल्यावर मांडावयाचीं चित्रें, आणि त्या चित्रांतही घोडा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मातीच्या खेळण्याला आपल्या वाङ्मयांत मोठा मान आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या प्रकरणाचें नांवच मुळीं मातीच्या गाड्यावरून पडलें. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाचा सोन्याचा गाडा पाहून आपल्या मातीच्या गाड्यावर रुसतो, आणि वसंतसेना अंगावरील अलंकार उतरवून त्या गाड्यांत घालते. ‘शाकुंतला’च्या ७ व्या अंकांत सर्वदमनाचें मन सिंहाच्या छाव्यावरून वळविण्यासाठीं तापसी मातीचा मोरच आणविते. रोहसेनाचा हट्ट आजही घरोघर चालू आहे. दुकानांतील चकचकीत वस्तूकडे बोट दाखवून ‘हें नको, तें हवें’ असें म्हणणारें मूल कोणाच्या घरीं नाहीं? फरक इतकाच कीं, वसंतसेना प्रत्येक दारीं येत नाहीं. आणि ती न येणेंच मुलाच्या हिताचें आहे.

आमचें वास्तव्य शिरूर येथें. गांव घोड नदीच्या कांठीं असल्यामुळें जुनीं माणसें अजूनही त्यास ‘घोडनदी’ म्हणूनच ओळखतात. इ. स. १८१७ सालीं उभारलेल्या पूना हॉर्स या घोडदळाचें ठाणें एकोणिसाव्या शतकांत बराच काळ येथें होतें. दक्षिणेकडे भीमेच्या तीरीं दौंड; १८७८ सालीं मनमाडचा लोहमार्ग तेथें येऊन मिळाला आणि तें मोठें जंक्शन झालें. परंतु आगगाडीच्या पुष्कळ आधींपासून हा मुलूख घोड्यांसाठीं नांवाजलेला होता. भीमेच्या दोन्ही थडींस निपजणारीं भीमथडीचीं तट्टें अंगानें लहान, परंतु काटक, थोड्या चाऱ्यावर निभावणारीं आणि डोंगरवाटेस न डगमगणारीं. मराठ्यांच्या घोडदळाची मदार पुष्कळ अंशीं अशाच जनावरांवर होती. आज तीं मुख्यतः धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाडाचें ओझें वाहतांना दिसतात. २०२३-२४ च्या सुमारास कर्नाल येथील राष्ट्रीय पशुसंशोधन संस्थेनें भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदविली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु नोंदवहींत जात राहिली आणि मुलांच्या डोळ्यांसमोरून गेली, तर त्या नोंदीचा आनंद किती मानावा?

याचें प्रत्यंतर किल्ल्यावरच मिळतें. बाजारांत मिळणारा घोडा एकदां हातीं घेऊन पाहावा. पाय खांबासारखे सरळ, मान बकाची, पोट पिंपासारखें, आणि अंगावर पांढऱ्या रंगाचा एकच जाड हात. साचा एकच असल्यामुळें शंभर घोडे शंभर जुळ्या भावांसारखे. यांत कुंभारास दोष देण्याचें कारण नाहीं. त्यास सणाच्या आधीं थोड्या दिवसांत शेकडों नग करावे लागतात आणि गिऱ्हाईक भावासाठीं घासाघीस करतें. उणीव भरून काढावयाची ती घरांत. बाजारचा घोडा हा कच्चा माल समजावा आणि त्याचा खरा घोडा मुलांनीं करावा, अशी आमची सूचना आहे.

त्यासाठीं प्रथम घोडा पाहावयास शिकलें पाहिजे. घोड्याच्या पुढील पायास आपण ज्यास गुडघा म्हणतों, तो वास्तविक आपल्या मनगटाच्या जागीं आहे; आणि मागील पायाचा जो सांधा उलट दिशेला वळलेला दिसतो, ती त्याची टांच होय. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि खूर हें त्या बोटाचें नख. एवढी एक गोष्ट मुलास समजली कीं, खांबासारखे पाय त्याच्या हातून पुन्हां होत नाहींत. दुसरें प्रमाण डोक्याचें. जमिनीपासून वाशिंडाच्या जागेपर्यंत म्हणजे खांद्यापर्यंत घोड्याची उंची स्थूलमानानें त्याच्या डोक्याच्या अडीचपट असते, आणि छातीपासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी उंचीच्या जवळपास असते. भीमथडीचें तट्टू सुमारें ५२ इंच उंच धरलें आणि एका फुटास एक इंच हें माप घेतलें, तर आपला घोडा सव्वाचार इंचांहून किंचित् उंच होईल, त्याचें डोकें पावणेदोन इंचांचें आणि साडेपांच फुटी स्वार साडेपांच इंचांचा. त्रैराशिकाचा कंटाळा करणारीं मुलें हा हिशेब किती आवडीनें करतात, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे.

तिसरी गोष्ट चालीची. भरधाव घोड्याचे पुढील पाय पुढें आणि मागील पाय मागें असे ताणून दाखविण्याची चाल जगभरच्या चित्रकारांत शतकानुशतकें होती. १८७८ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं मायब्रिज नांवाच्या छायाचित्रकारानें धांवपट्टीच्या कडेस ओळीनें कॅमेरे मांडून पळत्या घोड्याचीं लागोपाठ चित्रें घेतलीं. तेव्हां असें सिद्ध झालें कीं, चारही पाय जमिनीवरून सुटतात हें खरें. परंतु तें पाय ताणलेले असतांना नव्हे, तर पोटाखालीं गोळा झालेले असतांना. दुडकीच्या चालींत पुढचा उजवा आणि मागचा डावा असे तिरपे पाय जोडीनें उचलले जातात. सावकाश चालींत चारही पाय निरनिराळ्या वेळीं पडतात. ज्या चालीचा घोडा करावयाचा, त्या चालीप्रमाणें पाय वळवावे.

आतां कृति. नवा घोडा करावयाचा असल्यास प्रथम बारीक तारेचा सांगाडा करावा. नुसती शाडूची माती तारेवर थापली तर ती वाळतांना आकसते, तार आकसत नाहीं, आणि पायांस हटकून भेगा पडतात. म्हणून कागदाचा लगदा अथवा पिंजलेला कापूस मातींत मळावा, थर पातळ द्यावे आणि सावलींत वाळवावे. बाजारचा प्लास्टरचा घोडा सुधारावयाचा असल्यास नको तो भाग कानशीनें अथवा पॉलिश कागदानें घासून काढावा आणि हवा तो लगद्यानें चढवावा. घासण्याची धूळ नाकांत जाऊं नये म्हणून हें काम मोकळ्या हवेंत, नाकातोंडास फडकें बांधून करावें. पाय कापावयाचा झाल्यास तें घरांतील मोठ्या माणसानें करावें. आयाळ आणि शेपूट यांस ताग अथवा अंबाडीचे धागे मोकळे करून डिंकानें चिकटवावे. रंगविलेल्या आयाळीपेक्षां ते कितीतरी शोभतात.

रंगाच्या बाबतींत आपल्या भाषेची श्रीमंती मुलांच्या कानांवर घालण्याची ही उत्तम संधि आहे. तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा तो कुमाईत. पांढऱ्यावर काळे वा तांबडे ठिपके-पट्टे असलेला तो अबलख. करड्या झांकेचा तो सबजा. चारही पाय आणि कपाळ पांढरें असलेला तो पंचकल्याणी. गेरू, काव, काजळी आणि खडू एवढ्या चार वस्तूंत हे सर्व रंग निघतात. पांढऱ्या घोड्याची कातडी बहुधा काळसर असते. म्हणून त्याचें नाक, ओठ आणि डोळ्यांभोंवतींची जागा काजळीनें किंचित् काळवंडावी, म्हणजे तो जिवंत दिसूं लागतो. पुढें सामान: फाटक्या वहाणेच्या अथवा घड्याळाच्या जुन्या पट्ट्याच्या चामड्याचें खोगीर, सुतळीचा तंग, तारेची रिकीब, खणाच्या तुकड्याची झूल. हें शिवणकाम घरांतील मुलींकडे आपोआप येतें; परंतु मुलींनीं झूल शिवावी आणि मुलांनीं घोडा करावा अशी वांटणी मात्र करूं नये. भातुकली मांडणाऱ्या हातांस मापाचें ज्ञान मुलांहून अधिक असतें, असा आमचा अनुभव आहे.

घोडा झाला, आतां देखावा. येथें बहुतेकांची गोष्ट मापावर अडते. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारें २७०० फूट उंच. एका फुटास एक इंच या मापानें तो करूं म्हटल्यास २२५ फूट उंचीचा होईल; तो शिरूरच्या कोणत्या अंगणांत मावणार? म्हणूनच आपल्या किल्ल्यांवर तटाहून मावळा उंच आणि दरवाज्याहून घोडा मोठा दिसतो. याला तोड एकच: संपूर्ण गड करण्याचा हव्यास सोडून गडाचा एक भाग निवडावा. एक दरवाजा आणि त्याची देवडी, किंवा एक पागा पुरे. सभासदाच्या बखरींत पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागें एक पखाली व एक नालबंद. पागेचा देखावा मांडणारें मूल प्रथम विचारतें, ‘पखाली कशाला?’ घोड्यास पाणी लागतें, नाल झिजते, चंदी संपते. राज्य केवळ तलवारीनें उभें राहत नाहीं, हें त्या एका प्रश्नांतून त्यास कळतें. उतारावर हिरवळ हवी असल्यास अळीव भिजवून लावावे. भिजल्यावर त्यांस चिकटपणा येतो, त्यामुळें उभ्या उतारावरूनही ते घसरत नाहींत. वसुबारसेस हिरवळ हवी, तर पांच-सहा दिवस आधीं पेरणी करावी.

हा छंद केवळ पोरखेळ नव्हे, हें परदेशाच्या उदाहरणावरूनही दिसेल. अमेरिकेंत ब्रेयर नांवाच्या कारखान्यानें १९५० सालीं एका घड्याळाच्या शोभेसाठीं घोडा तयार केला. लोकांनीं घड्याळापेक्षां घोड्याचीच चौकशी अधिक केली आणि पुढें घोडे हाच त्या कारखान्याचा मुख्य माल झाला. आज तेथें प्रौढ स्त्रीपुरुष असे घोडे विकत घेऊन त्यांचे पाय व मान नव्यानें वळवितात, रंग बदलतात, खऱ्या चामड्याचें इवलें सामान शिवतात आणि देखावे मांडून स्पर्धा भरवितात. केंटकी प्रांतांतील लेक्सिंग्टन येथें १९९० पासून त्यांचा वार्षिक मेळावा भरतो. ज्यांच्या देशांत हें वेड वाढलें, त्यांना त्याची लाज वाटत नाहीं. आपल्याकडे तर अंगण, माती आणि सण हीं तिन्हीं आयतीं आहेत.

‘अभ्यास सोडून चिखलांत काय खेळतां?’ हा वडीलधाऱ्यांचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. सहामाही परीक्षा दिवाळीपूर्वीं संपते, हें त्यास वरवरचें उत्तर झालें. खरें उत्तर निराळें आहे. मोबाईलवरील खेळांत घोडा बोटाच्या स्पर्शानें पळतो, म्हणून मुलास त्याचें कांहींच समजून घ्यावें लागत नाहीं. मातीचा घोडा तीन वेळां मोडतो. चौथ्या वेळीं तो उभा राहतो, तेव्हां मुलाच्या अंगीं जें आलेलें असतें, तें गुणपत्रिकेवर दिसत नसलें तरी पुढें जन्मभर पुरतें. तयार किल्ले आतां दुकानांत मिळूं लागले आहेत. ते देखणे असतात. परंतु त्यांतून मुलास मिळतें तें केवळ मालकीचें सुख.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत दोघां भावांच्या वांटण्या झाल्या आणि वाड्याच्या अंगणांत मधोमध पत्रा उभा राहिला. पाण्याचा नळ एका बाजूस राहिला, चांगली माती दुसऱ्या बाजूस. त्या वर्षीं मोठ्यांचें बोलणें बंद असतांनाही दिवाळीच्या आधीं पत्र्याच्या खालून पाण्याच्या बादल्या इकडून तिकडे आणि मातीचीं घमेलीं तिकडून इकडे जाऊं लागलीं. पुढें मुलांच्या लक्षांत आलें कीं, एका बाजूस दरवाजा झाला आहे आणि पागा दुसरीकडे. घोडे न्यावयाचे कोठून? हा प्रश्न त्यांनीं आजींपुढें नेला. आजींनीं दोन्ही मुलांस बोलावून एवढेंच सांगितलें कीं, पत्रा तुमचा आहे, परंतु दिवाळी नातवंडांची आहे. आज कित्येक वर्षें झालीं. वांटण्या कायम आहेत, पत्राही आहे. मात्र दिवाळीचे पंधरा दिवस तो काढून भिंतीस टेकवून ठेवतात, आणि दोन्ही घरचा फराळ किल्ल्यापाशीं बसून होतो.

सदनिकांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस अंगण नाहीं, याची आम्हांस जाणीव आहे. त्यांनीं सज्जांत एका पाटावर दरवाजा आणि दोन घोडे मांडावे. तेवढेंही पुष्कळ आहे. ज्यांस शक्य असेल त्यांनीं सुटींत एक दिवस मुलांना घेऊन शिरूर-दौंडकडील माळावर यावें. दिवाळीच्या सुमारास धनगरांचे वाडे वाटेंत भेटण्याचा संभव असतो. मालकाची परवानगी घेऊन मुलांना तें तट्टू जवळून पाहूं द्यावें, पायाचा सांधा कोठें वळतो तें दाखवावें, आणि घरीं आल्यावर त्यांच्यापुढें मातीचा गोळा ठेवावा. पहिला घोडा वेडावांकडा होईल. तो फेंकून न देतां किल्ल्यावर पुढच्या रांगेंत मांडावा, म्हणजे पुढच्या वर्षीं त्याच्या शेजारीं दुसरा अधिक चांगला उभा राहील.