रात्रीच्या लघवीचा जमाखर्च

सकाळी बागेत फिरून झाल्यावर बाकावर टेकणाऱ्या साठीपुढच्या मंडळींत गुडघे, साखर आणि मुलांची अमेरिका हे विषय संपले की आवाज जरा खाली येतो. "रात्री किती वेळा?" एवढंच कुणीतरी विचारतं. कशासाठी, ते सांगावं लागत नाही. कुणी दोन म्हणतं, कुणी चार. मग एक जण निकाल देऊन मोकळा होतो : "प्रोस्टेट. दाखवून घे." शेजारच्या बाकावर त्यांच्या बायका बसलेल्या असतात. त्याही रात्री जवळपास तितक्याच वेळा उठतात आणि त्यांना प्रोस्टेट नसते, ही गोष्ट मात्र त्या निकालात कुणी धरत नाही.

झोप मोडून लघवीला उठावं लागण्याला डॉक्टर 'नॉक्टुरिया' म्हणतात. हे लक्षण आहे, रोग नव्हे. ताप आला म्हणजे काय झालं हे जसं नुसत्या तापावरून कळत नाही, तसंच इथेही आहे. मुळाशी तीन शक्यता असतात. मूत्रपिंडं रात्रीच जास्त लघवी तयार करत असतील. लघवीची पिशवी थोडंच साठवून घेत असेल. किंवा झोप भलत्याच कारणाने मोडत असेल आणि जाग आलीच आहे तर जाऊन यावं, असं होत असेल. पुष्कळांत यातल्या दोन गोष्टी एकत्र नांदतात.

यांतली कुठली आपली, हे सांगणारी पहिली तपासणी सोनोग्राफी नाही. ती आहे एक वही आणि मापाच्या रेघा असलेला प्लॅस्टिकचा मग (स्वयंपाकघरातला नको, निराळा आणा, घरातली शांतताही महत्त्वाची). तीन दिवस, दर वेळी, किती वाजता आणि किती मिलीलिटर, एवढं लिहायचं. झोपायची आणि उठायची वेळ, काय आणि किती प्यायलं तेही. मूत्ररोगतज्ज्ञांकडे या वहीला मोठा मान आहे, पण रुग्णांना ती कमीपणाची वाटते. रक्ताचा रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणणारा माणूस ही वही मात्र 'राहून गेली' म्हणतो.

वहीत काय दिसतं? समजा, अडुसष्ट वर्षांच्या एका गृहस्थांनी रात्री ३८०, ३५० आणि ३०० मिलीलिटर अशी तीनदा लघवी केली आणि सकाळी उठल्यावर २७०. ही सकाळची पहिली लघवीही रात्रीच्याच खात्यात धरायची, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. फक्त 'किती वेळा उठलो' या मोजणीत ती येत नाही. बेरीज १,३००. चोवीस तासांची एकूण लघवी २,१००. म्हणजे बासष्ट टक्के रात्री! पासष्टीच्या पुढे हे प्रमाण ३३ टक्क्यांच्या वर गेलं तर मूत्रपिंडं रात्री जादा काम करताहेत असं मानतात. तरुणांत ही मर्यादा २० टक्के आहे. या गृहस्थांची पिशवी एका वेळी ३८० मिलीलिटर साठवते आहे. ती ठणठणीत आहे. यांच्या प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं तरी रात्रीच्या फेऱ्या फारशा कमी व्हायच्या नाहीत.

आता दुसरी वही, त्याच वयाच्या माणसाची. रात्री ९०, ११० आणि ८०, सकाळी १२०. बेरीज ४००, दिवसाचं एकूण १,५००. प्रमाण २७ टक्के, म्हणजे मूत्रपिंडांची तक्रार नाही. दर वेळी थोडीथोडीच होते आहे. इथे पिशवी अतिचंचल आहे का, प्रोस्टेटमुळे ती पूर्ण रिकामी होत नाही का, जंतुसंसर्ग आहे का, हे बघायचं. आणि साठ किलोच्या माणसाची दिवसभराची बेरीज २,४०० मिलीलिटरच्या, म्हणजे किलोमागे ४० मिलीलिटरच्या वर गेली, तर आधी साखर तपासायची.

पहिल्या गृहस्थांचं काय बिघडलं? आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडला तर बाकीचा परत शोषून घेतात. शेवटच्या टप्प्यावर किती पाणी परत घ्यायचं, हे व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक ठरवतं. मूत्रपिंडाच्या नलिकांत पाण्यासाठी सूक्ष्म दारं असतात, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात; या दारांच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तरुणपणी रात्री व्हॅसोप्रेसिन वाढतं, दारं उघडतात, पाणी अंगात राहतं आणि आपण सकाळपर्यंत झोपतो. वय वाढलं की अनेकांत रात्रीची ही वाढ मंदावते.

पण सगळं वयावर ढकलायचं कारण नाही. संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्याशी वळ राहतो का, नडगीवर बोट दाबलं तर खळगा पडतो का, ते पाहा. दिवसभर खुर्चीत किंवा काउंटरमागे काढलेल्या माणसाच्या पायांत पाणी उतरतं. आडवं झालं की ते रक्तात परततं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. रात्री एक वाजता बाहेर पडणारं पाणी म्हणजे कित्येकदा दिवसा प्यायलेलं, पायांत मुक्कामाला थांबलेलं पाणी असतं. मग 'रात्री पाणी पिऊ नका' हा सल्ला कसा पुरणार? अशा माणसाने दुपारी चारच्या सुमारास तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावं. त्या पाण्याचा निकाल झोपेआधीच लागतो. रक्तदाबावरच्या ॲम्लोडिपिनने पाय सुजतात याचीही डॉक्टरांना आठवण करून द्यायला हरकत नाही. लघवी वाढवणारी गोळी कधी घ्यायची तेही त्यांना विचारा. मात्र सूज हृदयाची किंवा मूत्रपिंडाचीही असू शकते, तेव्हा तपासणी आधी.

दुसरा चोर घोरण्यात लपलेला असतो. झोपेत घसा मिटतो, मिटलेल्या घशातून श्वास ओढताना छातीत जोराची खेच निर्माण होते आणि हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. हृदय समजतं, रक्तात पाणी फार झालं. ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं मीठ-पाणी बाहेर टाकतात. माणूस सांगतो, लघवीने जाग आली. खरं तर श्वास अडकल्याने आलेली असते. यंत्राने हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवला की अशा बऱ्याच जणांच्या फेऱ्या घटतात.

आणि मीठ. नागासाकी विद्यापीठातल्या तोमोहिरो मात्सुओ यांच्या गटाने २०१७ मध्ये लंडनच्या मूत्ररोग परिषदेत एक निरीक्षण मांडलं. जास्त मीठ खाणाऱ्या २२३ जणांनी रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, तेव्हा रात्रीच्या फेऱ्या सरासरी २.३ वरून १.४ वर आल्या. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला हा प्रयोग नव्हता, म्हणून त्याला अखेरचा शब्द मानू नये. पण रात्रीच्या खिचडीबरोबरचा पापड आणि लोणचं आठ दिवस सोडून पाहायला काय जातं?

बायकांच्या वहीत आणखी एक गोष्ट दिसू शकते. बाहेर स्वच्छ स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर घोट-घोट पाणी, आणि घरी आल्यावर तांब्यावर तांब्या. मुंबईत 'राइट टू पी' ही चळवळ २०११ साली सुरू झाली ती याच अडचणीतून. रात्रीची झोप दिवसाच्या मुतारीवर अवलंबून असते, हे आपल्या नगरपालिकांना कधी कळेल ते कळो.

औषधं आहेत, पण ती वहीनंतर. व्हॅसोप्रेसिनचा कृत्रिम भाऊ डेस्मोप्रेसिन रात्रीची लघवी घटवतो. पण त्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं, विशेषतः वृद्धांत. म्हणून सुरू केल्यावर आठवड्याच्या आत आणि पुन्हा महिनाभराने सोडियम तपासावं लागतं. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून घ्यायची ही गोळी नव्हे. लघवीत रक्त, ताप, आडवं पडल्यावर धाप लागणं, किंवा मोठ्या माणसाचं अंथरूण एकाएकी ओलं होऊ लागणं, यांत तर वहीसाठीही थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि उपाय लागू पडेपर्यंत पडू नका. खुब्याचं हाड मोडण्याची वाट बऱ्याचदा पलंगापासून संडासापर्यंतच असते. वाटेत मंद दिवा ठेवा, पायपुसणं उचला, उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या काठावर बसा. प्रोस्टेटच्या गोळ्यांनी उभं राहताच रक्तदाब उतरू शकतो, तेव्हा पुरुषांनीही रात्री बसूनच लघवी करावी.

वही उद्या सुरू करणार असाल तर एक ध्यानात ठेवा : पहिल्या दिवशी सकाळची पहिली लघवी लिहायची नाही, ती आदल्या रात्रीची. मोजणी दुसरीपासून सुरू करायची आणि चौथ्या दिवशी सकाळची पहिली लिहून वही मिटायची.