सिग्नल हिरवा, डोळे लाल

डबाभर प्रवासी घोरत असतात तेव्हा पुढे इंजिनात दोघांना डोळ्याला डोळा लावायची मुभा नसते: लोको पायलट आणि त्याचा असिस्टंट. त्यांच्या झोपेचे आणि जागरणाचे हे काही किस्से, नियम आणि हिशेब.

झोपला, तरी पोचला!
फेब्रुवारी 2003, जपान. शिंकान्सेन ताशी 270 किलोमीटरने सुसाट आणि चालक गाढ झोपेत, तेही तब्बल 8 मिनिटं! स्वयंचलित यंत्रणेने गाडी ओकायामा स्टेशनात थांबवली, पण काही डबे फलाटाबाहेरच राहिले. तपासणीत निघाला स्लीप ॲप्निया. यात झोपेत श्वास अडकतो, झोप पुन्हा पुन्हा मोडते आणि सकाळी माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

चार सेकंद, पाच डबे
पहाटे दोन ते पाच या वेळात शरीर आपला कारभार आवरतं घेतं. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद डुलकी काढतो. ताशी 110 च्या वेगात अशी चार सेकंदं गेली, की गाडी 120 मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे पाच डब्यांहून जास्त!

मिनिटामिनिटाला हजेरी
आपल्या इंजिनांत डुलकीवर लक्ष ठेवायला एक पहारेकरी बसवलाय. त्याचं नाव व्हीसीडी. साधारण मिनिटभर पायलटचा हात कशालाच लागला नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग बझर कोकलतो. तरीही सामसूम असेल, तर ब्रेक आपोआप लागतात. गोम एवढीच, की सवयीचा हात अर्धवट झोपेतही बटण दाबतो.

हात वर, आवाज मोठा
सिग्नल दिसला की पायलट आणि असिस्टंट दोघंही हात करून त्याचा रंग मोठ्याने पुकारतात. जपानी रेल्वेत बोट दाखवून पुकारायची अशीच रीत आहे. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने 1994 मध्ये ही रीत तपासून पाहिली. शंभर कृतींमागे 2.38 चुका होत होत्या, त्या 0.38 वर आल्या.

न पिता चढलेली
ड्युटीवर येताना लॉबीत यंत्रात फुंकर मारावी लागते. घेतलेली असेल तर तिथेच पकडला जातो. पण 1997 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या प्रयोगानुसार सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखे मंदावतात. जागरणाला वास नसतो, त्यामुळे यंत्र गप्प!

विश्रांती सोळा तास, झोप चार
आठ तास किंवा त्याहून जास्त ड्युटी झाली, की मुख्यालयी 16 तास विश्रांती मिळते. ऐकायला भरपूर वाटतं. आता हिशेब मांडा. सकाळी सहाला साइन ऑफ. घर, आंघोळ, नाश्ता यांत नऊ वाजले. मग कुकरच्या शिट्ट्या, भंगारवाल्याची आरोळी, दाराची बेल; एकला झोप उडाली. रात्री दहाला पुन्हा साइन ऑन. पहाटे सहाला गाडी धावतेच आहे आणि पायलटला जागून झाले बरोब्बर 17 तास. नियम एकही मोडलेला नाही!

कॉल कधी येईल?
मेल-एक्स्प्रेसच्या पायलटला निदान ठरलेली लिंक, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक असतं. मालगाडीवाल्याचं सगळं कॉलवर. आता पडावं, तर तासाभरात फोन. जागं राहावं, तर फोन मध्यरात्री. 1973 मध्ये लोको कर्मचाऱ्यांनी संप केला, त्यातली मोठी मागणी होती ड्युटी 10 तासांत आटोपण्याची. पण तास मोजून झाले, तरी ते दिवसाचे की रात्रीचे हा प्रश्न उरतोच.

पाळी बदलली, घड्याळ नाही
1 डिसेंबर 2013, न्यूयॉर्क. ताशी 48 किलोमीटरच्या वळणावर लोकल 132 च्या वेगाने शिरली आणि चौघांचा जीव गेला. चालकाला ॲप्निया होता, पण निदान झालेलं नव्हतं. शिवाय दोनच आठवड्यांपूर्वी त्याची उशिराची पाळी बदलून पहाटेची झाली होती.

सरकारी अंथरूण
भारतीय रेल्वेच्या नियमांत एक मजेशीर अट आहे. रनिंग स्टाफला, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांना, महिन्यातून 30 तासांच्या चार किंवा 22 तासांच्या पाच सुट्ट्या द्यायच्या आणि प्रत्येकीत एक अख्खी रात्र अंथरुणात गेली पाहिजे. दिवसाचे तास रात्रीच्या खात्यात जमा होत नाहीत, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. आता रोस्टर लिहिणाऱ्यांनीही ते ध्यानात ठेवावं!