नस गेली, म्हणजे नेमकं काय गेलं?

बारशाच्या दिवशी आत्या बाळाच्या कानाशी तोंड नेते आणि ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते. तिच्या पाठीत धपाटे बसतात, घुगऱ्या वाटल्या जातात. बाळाला नाव ऐकू गेलं का, हे त्या गलक्यात कोणी पाहत नाही. दीड वर्ष उलटतं, मूल हाकेला वळत नाही. ‘याचा बापही उशिराच बोलला होता,’ म्हणत आजी धीर देते. पाठीमागे थाळी वाजवून पाहतात. थाळीची थरथर जमिनीतून पोचते, मूल वळतं, आणि आणखी सहा महिने निघून जातात.

शेवटी तपासणी होते आणि घरी शब्द येतो, ‘कानाची नस गेली.’ इंदापूर तालुक्यातल्या कळंबपासून मुंबईपर्यंत हा शब्द सगळीकडे सारखाच. डॉक्टरी बोलीतल्या ‘नर्व्ह डेफनेस’चं ते घरगुती रूप. गंमत अशी, की असं म्हटलं जातं तेव्हा बहुतेक वेळा नस शाबूत असते.

कळंब-वालचंदनगरच्या उसाच्या पट्ट्यात हे समजावणं सोपं आहे. विहिरीवर मोटर, तिथून पाइपलाइन, आणि पलीकडे शेत. पिकाला पाणी मिळत नसेल तर आधी पाहायचं, मोटर जळाली की पाइप फुटला? कानातली मोटर म्हणजे अंतर्कर्णातला अडीच वेढ्यांचा शंख. त्यात साधारण साडेतीन हजार आतल्या रोमपेशी ध्वनीच्या कंपनाचं विजेच्या संदेशात रूपांतर करतात. पाइपलाइन म्हणजे श्रवणचेता, सुमारे तीस हजार तंतूंची. शेत म्हणजे मेंदू. जन्मजात बहिरेपणात बहुधा रोमपेशीच निकामी असतात. मोटर जळालेली, पाइप धड.

अशा वेळी मोटर बदलायची. कॉक्लियर इम्प्लांट हेच करतं. कानामागचं यंत्र आवाज टिपतं, आणि शंखात सरकवलेली बारीक तार, कंपनीनुसार १२ ते २२ इलेक्ट्रोडची, थेट नसेला वीज देते. पॅरिसमध्ये १९५७ साली जूर्नो आणि एरिएस यांनी पहिला प्रयत्न केला. १९७८ साली मेलबर्नला ग्रेम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडचं यंत्र बसवलं. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव आघाडीवर आहे. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली.

पण पाइपच नसेल तर? काही मुलं श्रवणचेता नसतानाच जन्मतात, किंवा ती धाग्याइतकी बारीक असते. ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप २’ या दुर्मीळ आनुवंशिक आजारात दोन्ही बाजूंच्या नसांवर गाठी येतात. त्या गाठी वाढताना किंवा काढताना नसा जातात. इथे उत्तम मोटर बसवूनही उपयोग नाही. पाणी थेट शेतातच न्यावं लागतं.

१९७९ साली लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस आणि मेंदूशल्यविशारद हिट्सेलबर्गर यांनी तेच केलं. गाठ काढताना एका स्त्रीच्या मेंदूस्तंभावर, जिथे श्रवणचेता येऊन मिळते त्या केंद्रकाशी, त्यांनी इलेक्ट्रोड ठेवला. ऑडिटरी ब्रेनस्टेम इम्प्लांटची ही सुरुवात. पुढे इटलीतल्या व्हेरोना इथे व्हित्तोरिओ कोलेत्ती यांनी गाठ नसलेल्या, पण नसही नसलेल्या मुलांमध्ये हे रोपण केलं. भारतात या शस्त्रक्रियेसाठी चेन्नईचे डॉ. मोहन कामेश्वरन आणि त्यांची मद्रास ईएनटी रिसर्च फाउंडेशन ही संस्था ओळखली जाते.

काम जोखमीचं आहे. कवटी उघडून काही मिलिमीटरची इलेक्ट्रोडपट्टी मेंदूस्तंभावर बसवायची. जागा बरोबर आहे का, हे तिथल्या तिथे वीज देऊन मेंदूच्या प्रतिसादावरून पाहतात. शेजारूनच चेहऱ्याच्या, घशाच्या नसा जातात. त्यामुळे काही आठवड्यांनी यंत्र पहिल्यांदा सुरू करताना खोकला येतो, चक्कर येते, मुंग्या येतात. असे त्रास देणारे इलेक्ट्रोड बंद ठेवावे लागतात. इतकं करूनही कॉक्लियर इम्प्लांटइतकं स्पष्ट ऐकू येईल अशी आशा धरू नये. अनेकांना हॉर्न, दाराची कडी, हाक यांची चाहूल लागते आणि ओठ वाचायला आधार मिळतो. नुसत्या ऐकण्यावर बोलणं समजणारे थोडे. शेतात टँकरने पाणी सोडावं, तसं हे. पाणी पोचतं, पण वाफ्यावाफ्याला हवं तेवढं नाही.

आणखी एक प्रकार चकवा देतो. शंख ठीक, पण नसेतला संदेश विस्कटलेला. जन्मतः तीव्र कावीळ झालेल्या किंवा अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांत हा धोका जास्त. ओएई नावाची झटपट चाचणी शंखाचीच परीक्षा घेते, म्हणून अशी बाळं तिच्यात पास होतात. कागदावर ‘पास’ आणि घरात शांतता. अशा बाळांची ‘बेरा’ चाचणी व्हायलाच हवी, कारण तिच्यात संदेश मेंदूपर्यंत जातो की नाही ते दिसतं. यातल्या अनेक मुलांना कॉक्लियर इम्प्लांटचा फायदा होतो. म्हणजे इथेही ‘नस गेली’ हा अंतिम निकाल नाही.

पाण्याची पाळी चुकली की पीक माना टाकतं. मग कालवा भरून वाहिला तरी काय? ऐकण्याबोलण्याची पाळी पहिल्या काही वर्षांत असते. काहीच न ऐकलेला मेंदू ऐकण्याची जागा दुसऱ्या कामाला देऊन टाकतो. म्हणून पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा दंडक आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथकं मुलांना तपासायला अंगणवाडीत येतात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत २०१४ साली कॉक्लियर इम्प्लांटसाठी सहा लाखांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. तिचं काम वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आलं. शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षांची वाचाउपचाराची मेहनत मात्र घरच्यांचीच. गावापासून लांबच्या शहरात दर आठवड्याला जायचं, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. त्या खर्चाला योजनेचा रकाना सापडणं अवघड.

म्हणून ‘नस गेली’ ऐकल्यावर घरी परतण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत. बेरा झाली का? आणि एमआरआयमध्ये नस दिसली का? मोटर की पाइप, हे त्यावरच ठरतं. आणि बारशाला कुर्रर्र करून झालं, की आत्यानेच त्याच महिन्यात एकदा बाळाला तपासणीला न्यावं. नाव तिने ठेवलं आहे, ते पोचलं की नाही हे पाहण्याचा मानही तिचाच.