डक्टमधली धूळ, नाकातली धूळ

सीलिंग फॅनचं एक कोडं आहे. आपल्याकडचा नेहमीचा १,२०० मिलिमीटरचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. गणित मांडलं तर त्याच्या पात्याचं टोक ताशी जवळजवळ ८० किलोमीटर वेगाने हवा कापत असतं. एवढ्या वाऱ्यात धुळीचा कणही टिकू नये. प्रत्यक्षात दिवाळीच्या साफसफाईला स्टुलावर चढलं की त्याच पात्यावरचा काळपट थर ओल्या फडक्याने खरवडून काढावा लागतो. आणि तो सर्वांत जाड कुठे असतो? पात्याच्या पुढच्या कडेला, जिथे वारा सर्वांत जोरात आदळतो तिथे.

हे कोडं सुटलं, तर न्यू जर्सीत किंवा टोरोंटोजवळ घर घेतलेल्या मराठी कुटुंबाचा काहीशे डॉलरचा एक प्रश्नही सुटतो. घरात कुणाला तरी सतत शिंका येतात, डोळे चुरचुरतात. जमिनीतली जाळी उचलून मोबाइलचा टॉर्च आत टाकावा, तर पत्र्याच्या नळीत करड्या धुळीचा थर दिसतो. त्यातच दाराशी पत्रक येऊन पडतं: ९९ डॉलरमध्ये अख्ख्या घराचे डक्ट साफ, अ‍ॅलर्जीपासून सुटका! साफ करून घ्यावेत का?

संशय यावा अशीच या घरांची रचना आहे. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक स्वतंत्र घरांत बेसमेंटमध्ये किंवा माळ्यावर एक फर्नेस आणि ब्लोअर असतो. खोल्यांमधली हवा ‘रिटर्न’ जाळ्यांतून ओढली जाते, फिल्टरमधून जाते, हिवाळ्यात तापते, उन्हाळ्यात गार होते आणि ‘सप्लाय’ डक्टमधून पुन्हा खोल्यांत येते. आपण नाकातून सोडलेली हवा काही वेळाने भिंतींआडच्या पत्र्याच्या बोगद्यांतून फिरून परत आपल्याच नाकाशी येते. तो बोगदा धुळीने माखलेला असेल, तर शिंका तिथूनच येत असणार, असं कुणालाही वाटेल.

पण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९९७ मध्ये घरमालकांसाठी एक मार्गदर्शिका काढली, तिचं म्हणणं वेगळं आहे. डक्ट साफ केल्याने आरोग्याच्या तक्रारी टळतात हे कधीच सिद्ध झालेलं नाही. डक्ट मळलेले आहेत म्हणून घरातल्या हवेत कण वाढतात, असाही ठाम पुरावा नाही. कॅनडाच्या सीएमएचसी या सरकारी गृहनिर्माण संस्थेनेही साफसफाईआधी आणि नंतर मोजमापं केली. हवेतल्या कणांच्या प्रमाणात सांगण्यासारखा फरक पडला नाही. एवढी धूळ काढून टाकली तरी हवेला पत्ता नाही, हे कसं?

उत्तर पंख्याच्या पात्यावर आहे. हवा कितीही जोरात वाहू दे, पृष्ठभागाला टेकलेला तिचा अगदी पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. पृष्ठभागापासून दूर जावं तसतसा वेग वाढत जातो. धुळीचा कण लहान असेल, तर तो या शांत थरात बुडून राहतो आणि वारा त्याच्या डोक्यावरून जातो. शिवाय कण आणि पृष्ठभाग यांच्यातलं रेणूंचं आकर्षण त्याला धरून ठेवतं. इथे आकाराचं गणित थक्क करणारं आहे. कणाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचं वजन हजारपट कमी होतं. पण चिकटून राहण्याचा जोर साधारण दहापटच कमी होतो. म्हणजे कण जितका लहान, तितका त्याच्या आकाराच्या मानाने तो घट्ट चिकटतो. वाळूचा दाणा फुंकरीने उडतो, पिठाची भुकटी बोटाला चिकटून बसते, ती याचमुळे. थोडक्यात, डक्टमध्ये दिसणारा थर हा हवेतून बाहेर पडलेल्या, प्रवास संपलेल्या धुळीचा थर आहे. तो नाकापर्यंत आला असता, तर तिथे दिसलाच नसता.

मग नाकात जाणारी धूळ येते कुठून? त्यासाठी मायक्रॉनच्या जगात उतरायला हवं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. जाळीतून आलेल्या कवडशात तरंगताना दिसणाऱ्या कणाला मनुस्मृतीत त्रसरेणू म्हटलं आहे आणि वजनमापांची उतरंड त्याच्यापासून सुरू केली आहे. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर याहून बारीक माप सापडणं अवघडच होतं. अ‍ॅलर्जीचा निम्मा खेळ त्या मापाच्याही खाली चालतो.

पहिला मानकरी धुळीतला माइट. घरातल्या धुळीने दमा उठतो हे वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं, पण धुळीतलं नेमकं काय बाधतं ते कळत नव्हतं. १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडन इथे फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडा केला: मिलिमीटरच्या पाव-तिसऱ्या भागाएवढा, आठ पायांचा, कोळ्याच्या दूरच्या नात्यातला एक जीव. तो आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या खपल्यांवर जगतो. आपली वरची कातडी दर दोन ते चार आठवड्यांनी पूर्ण बदलते, त्यामुळे त्याला अन्नाचा तुटवडा नाही.

त्याचं पाणी पिणं तर अजबच आहे. तो हवेतून पाणी पितो. पुढच्या पायांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून खारट स्राव पाझरतो, त्यातले क्षार हवेतली वाफ शोषून घेतात आणि तो ओलावा तोंडाकडे वाहत जातो. म्हणूनच हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की हा जीव वाळून मरतो. आणि म्हणूनच त्याचं खरं घर म्हणजे गादी, उशी, पांघरूण आणि जाड कार्पेट. तिथे खपल्याही आहेत आणि रात्रभर आपल्या अंगाचा घाम आणि ऊबही. कोरड्या पत्र्याच्या डक्टमध्ये त्याच्यासाठी फारसं काही नाही.

आपल्याला बाधते ती मुख्यतः त्याची विष्ठा, १० ते ४० मायक्रॉनच्या गोळ्या. त्यात त्याचं पाचक प्रथिन असतं. गोळी नाकातल्या ओल्या अस्तरावर पडली की ते प्रथिन विरघळतं आणि पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे सांधे कुरतडतं. कुंपण तोडून ते आत शिरतं आणि ज्यांच्या शरीराने त्याला शत्रू ठरवलं आहे, त्यांच्या नाकात हिस्टमीनचा भडका उडतो. मात्र या गोळ्या जड असतात. चादर झटकली, गादीवर कूस बदलली की त्या उडतात आणि वीस-तीस मिनिटांत पुन्हा खाली बसतात. त्यांचा सारा प्रवास उशीपासून नाकापर्यंतचा, जेमतेम वीतभर. त्यासाठी त्यांना ब्लोअरची गरजच नाही.

मांजराचं तंत्र अगदी उलटं. त्याच्या लाळेतून आणि त्वचेतल्या ग्रंथींतून येणारं प्रथिन पाच मायक्रॉनहूनही लहान कणांवर स्वार होतं आणि तासन्‌तास तरंगत राहतं. माणसांच्या कपड्यांना चिकटून ते शाळांच्या वर्गांत आणि जिथे कधी मांजर फिरकलंही नाही अशा घरांतही पोहोचतं. परागकण साधारण वीस-तीस मायक्रॉनचे. ते मुख्यतः उघड्या खिडक्यांतून, बुटांवरून, केसांतून येतात.

आणि सर्वांत मोठा धूळ-निर्माता म्हणजे आपण स्वतः. १९९० साली कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये १७८ रहिवाशांच्या अंगावर हवा मोजणारी यंत्रं बांधली गेली. दिवसा घरातल्या आणि बाहेरच्या हवेत दर घनमीटरला सरासरी ९५ मायक्रोग्रॅमच्या आसपास कण होते. माणसांच्या श्वासाजवळ मात्र ते १५० भरले. प्रत्येक माणूस चालता-बोलता, बसता-उठता स्वतःभोवती धुळीचा एक ढग बाळगून असतो. त्यात स्वयंपाकाची भर. २०१८ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या प्रयोगघरात शास्त्रज्ञांनी थँक्सगिव्हिंगचा साग्रसंगीत स्वयंपाक केला, तेव्हा घरातल्या सूक्ष्म कणांची पातळी जगातल्या अतिप्रदूषित शहरांच्या तोडीला गेली होती. मिरचीची फोडणी पडताच ज्यांचा स्मोक अलार्म किंचाळतो, त्या मराठी घरांना याचं नवल वाटणार नाही. चुलीवरचा एक्झॉस्ट सुरू करणं, आणि तो हवा खरोखर घराबाहेर सोडतो की नुसती गाळून पुन्हा आपल्याच तोंडावर टाकतो हे तपासणं, हा फुकटातला उपाय आहे.

याचा अर्थ डक्ट कधीच साफ करू नयेत असा नाही. ईपीए तीन प्रसंग सांगते. एक, डक्टच्या आत किंवा यंत्राच्या इतर भागांवर डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी वाढली असेल. उन्हाळ्यात गार कॉइलवर पाणी जमतं. ते वाहून जाण्याची वाट तुंबली की बुरशीला आयतं घर मिळतं. दोन, उंदीर किंवा किडे आत राहत असतील. तीन, कचऱ्याने डक्ट तुंबले असतील किंवा जाळीतून कण उडताना खरोखर दिसत असतील; घराचं नूतनीकरण झाल्यावर असं होऊ शकतं. पण तिन्ही प्रसंगांत आधी कारण दूर करायला हवं. पाणी गळतच राहिलं तर बुरशी परत येणार, फट उघडी राहिली तर उंदीर परत येणार. आणि डक्टच्या आतलं फायबरग्लासचं अस्तर भिजून बुरसलं असेल, तर ते धुऊन निघत नाही, बदलावंच लागतं.

९९ डॉलरच्या पत्रकाचं काय? ईपीएच्या अंदाजाप्रमाणे पूर्ण यंत्रणेच्या साफसफाईला साधारण ४५० ते १,००० डॉलर लागतात. नीट काम म्हणजे अख्खी यंत्रणा जोरदार व्हॅक्यूमला जोडून, आतली हवा बाहेर खेचत ठेवून, ब्रशने थर सोडवणं. नुसत्या जाळ्या नव्हे, तर ब्लोअर आणि कॉइलही साफ करणं. स्वस्तातला माणूस जाळीत होज घालून निघून गेला, तर पत्र्याला शांतपणे चिकटलेली धूळ तो सुटी करून जातो. म्हणजे जे संकट नव्हतं ते पैसे देऊन घरात आणलं. वर पुन्हा जंतुनाशक फवारण्याचा आग्रह होतो. त्या रसायनाचा वास नाजूक नाकालाच आधी झोंबतो.

डक्टच्या बाबतीत धुळीपेक्षा गळतीकडे पाहणं जास्त फायद्याचं आहे. अमेरिकेतल्या सर्वसाधारण घरात डक्टमधून जाणारी २० ते ३० टक्के हवा सांधे आणि भोकांतून वाया जाते, असं एनर्जी स्टार हा सरकारी उपक्रम सांगतो. रिटर्न डक्ट हवा ओढतो, त्यामुळे त्याला भोक असलं तर तो माळ्यावरचे तंतू, जमिनीखालच्या पोकळीतली ओल आणि बुरशीचे बीजाणूही ओढून घेतो, आणि भोक फिल्टर आणि ब्लोअर यांच्यामध्ये असेल तर तेही न गाळता. ही फट बुजवायला सगळ्यांच्या हाताशी असते ती डक्ट टेप. गंमत अशी, की १९९८ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या शेरमन आणि वॉकर यांनी सांधे बुजवणाऱ्या साहित्याची उष्ण-थंड हवेत कसोटी घेतली, तेव्हा डक्टच्या सांध्यांवर सपशेल नापास झाली ती डक्ट टेपच. त्यासाठी मॅस्टिक नावाचा लेप वापरतात.

मग पैसे कोणत्या क्रमाने खर्चावेत? आधी अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरकडे त्वचेची चाचणी, कारण शत्रू कोण हे कळल्याशिवाय लढाई कुठे करायची हे ठरत नाही. माइट निघाला तर गादी-उशीला घट्ट विणीचे अभ्रे, दर आठवड्याला चादरी ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, आणि घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली. पराग निघाला तर त्या मोसमात खिडक्या बंद. मांजर निघालं तर ते निदान झोपायच्या खोलीबाहेर. फर्नेसचा फिल्टर यंत्राला झेपत असेल तर मर्व्ह या गाळणक्षमतेच्या मापानुसार १३ दर्जाचा, आणि तो वेळेवर बदललेला. कमी दर्जाचे स्वस्त फिल्टर मुख्यतः यंत्राला धुळीपासून वाचवतात, आपल्या नाकाला नव्हे. मुंबई, कोकण, गोव्यातल्या स्प्लिट एसीला डक्ट नसतातच, पण दमट हवेतली गादी मात्र आहे. तेव्हा या यादीतला गादीचा भाग तिथेही लागू.

एवढं करूनही डक्टवाला दाराशी आलाच, तर त्याला आत नेमकं काय आहे ते दाखवायला सांगावं. करडा, कोरडा थर दाखवला तर आभार मानून दार लावावं. काळी, ओली बुरशी किंवा उंदराच्या लेंड्या दाखवल्या तर काम जरूर द्यावं, पण त्याआधी पाणी आणि उंदीर कुठून आले हे शोधणाऱ्याला बोलवावं.